मागून आणलेली

आमच्या घरात भांडण कानडीत व्हायचं आणि लाड मराठीत. अव्वा आणि अप्पा कानडीत तावातावानं बोलायला लागले की मी ओळखायची, आज म्हैस कुणाच्या तरी तुरीत शिरली असणार, नाहीतर अप्पा बाजारातून काहीतरी विसरून आला असणार. मग अव्वा माझ्याकडं वळून ‘शिवू, जेवलीस का गं बाय?’ म्हणाली की समजायचं, मिटलं. मला दोन्ही भाषा सारख्याच कळायच्या, पण ते दोघं मला कानडी कळत नाही असं धरून भांडायचे आणि मीही ते तसंच चालू दिलं होतं. कोहिनूर गावातलं आमचं घर तीन खोल्यांचं. मागच्या अंगाला पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा दिवसभर फटफटत राहायचा आणि वीज गेली की अचानक एवढं शांत व्हायचं की चुलीवरच्या वरणाचं खदखदणं माजघरात ऐकू यायचं. अप्पा सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा. तेवढा वेळ घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. तो उठला की अव्वाची पहिली भाकरी तव्यावरून उतरायची. ती माझी. तिचा फुगलेला पापुद्रा सोलून आत शेंगाची चटणी आणि तूप घालायचं, आणि अव्वा स्वतःच्या हातानं पहिला घास माझ्या तोंडात द्यायची. मी सहावीत गेले तरी देत होती. घरात मी एकटीच लेकरू. अव्वाची आधीची तीन जगली नाहीत, एवढं मला माहीत होतं.

अव्वाची धाकटी बहीण हुमनाबादला दिलेली. तिला मी चिक्कव्वा म्हणायची. कानडीत मावशीला तसंच म्हणतात. त्याचा सरळ अर्थ ‘धाकटी आई’, पण रोजच्या शब्दाचा अर्थ कोण कशाला बघतं. तिचा नवरा, आमचा काका, लॉरींच्या पाठीवर नावं, फुलं, मोर रंगवायचा. त्याच्या नखांच्या कडांना कायम पिवळा नाहीतर लाल रंग असायचा. त्यांना एकच लेक, रेखा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून रेखक्का. हे तिघं दर येळवसला, मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या सणाला, आमच्या शेतात यायचे. तुरीच्या पेंढ्यांची खोप, पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातलं अंबील. जेवून सगळे आडवे झाले की आम्ही दोघी ऊस खात बांधावर बसायचो. चिक्कव्वा मला दरवेळी बांगड्या आणायची. पण रेखक्काला जसं जवळ ओढायची तसं मला कधी ओढलं नाही तिनं. मी जेवताना मात्र माझ्याकडं बघत बसायची. मला वाटायचं, हिला मी आवडत नसणार.

त्या येळवसला रेखक्कानं उसाचं एक कांडं दातानं सोललं आणि थुंकली तर चोयटी लाल. तिनं पुन्हा थुंकून बघितलं. मग परकर जरा वर करून मला नडग्या दाखवल्या. नडगीवर निळेकाळे डाग होते, कुणी शाईची बोटं उठवावीत तसे. ‘पडलीस काय?’ मी विचारलं. ‘न्हाई गं. आपोआपच उठायलेत,’ ती म्हणाली, ‘आईला सांगू नको, आज सणाचं.’ मी सांगितलं नाही. आज मला वाटतं, त्या एका दिवसानं काही फरक पडला नसता. पण तेव्हा कित्येक महिने मला ते खुपत राहिलं.

आधी हुमनाबाद, मग बिदर, आणि बिदरच्या डॉक्टरनं हैदराबादला धाडलं. तिथं कळलं की रेखक्काच्या हाडांच्या आतला जो गाभा रक्त तयार करतो, तो सुकून गेलाय. बाहेरचं रक्त चढवायचं, महिनाभर भागायचं, पुन्हा चढवायचं. त्याला उपाय एकच: दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातल्या रक्त घडवणाऱ्या बीजपेशी काढून तिच्यात घालायच्या. त्या जुळायला मात्र पाहिजेत, आणि सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची आशा सगळ्यात जास्त. आई-बापाच्या अर्ध्याच जुळल्या.

हे सांगायला चिक्कव्वा आणि काका एका आडवारी कोहिनूरला आले. मी शाळेतून आले तेव्हा चौघं माजघरात बसलेले होते आणि कानडीतच बोलत होते, पण हळू. भांडण नव्हतं, म्हणून मला भीती वाटली. अव्वाच्या हातात पळी होती आणि तिच्यातून वरण तिच्याच लुगड्यावर ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं. मग अप्पानंच सांगितलं, ‘रेखाला तुझं रगत जुळतंय का बघायचं हाय, शिवू. मावसभैनीचं बी कधीकधी जुळतंय म्हनत्यात. जाऊन यायचं का?’ मी लगेच व्हय म्हणाले. हैदराबाद बघायला मिळणार होतं. निघायच्या सकाळी अप्पा स्टँडपर्यंत आला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. बस सुरू झाली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, ‘तिकडं काय बी कानावर आलं तरी घर हेच हाय बग.’ मला कळलं नाही. मी हात हलवला.

रक्त देऊन आलो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर मॅडम मध्यम वयाच्या होत्या. बोलणं हैदराबादी हिंदीत. मी अव्वा आणि चिक्कव्वाच्या मध्ये बाकावर बसले होते. त्यांनी कागद उलगडला, पुन्हा पुन्हा बघितला आणि चष्मा काढून चिक्कव्वाला विचारलं, ‘कागदावर तर मावसबहीण लिहिलंय. मावसबहिणींचं असं पूर्ण जुळत नसतं, अम्मा. मला खरं कळायला पाहिजे. ही पोरगी कुणाची?’ खेड्यातल्या पोरीला हिंदी कळणार नाही असं त्यांना वाटलं असेल. आमच्या शेजारी टीव्ही होता, मला सगळं कळायचं. चिक्कव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. ती अव्वाकडं बघत राहिली, आणि अव्वानं मान हलवली. मग चिक्कव्वा म्हणाली, ‘मेरीच है. पेट की.’

त्यानंतर डॉक्टर मॅडम काय बोलल्या ते मला आठवत नाही. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, त्याच्या खालचा एक दात मला अजून दिसतो.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. दवाखान्याजवळ धर्मशाळेसारखी एक जागा होती, तिथं आम्ही उतरलो होतो. चिक्कव्वानं भात कालवून दिला, मी ताट सरकवलं. अव्वानं दिला, तोही सरकवला. मला राग नेमका कशाचा होता? दिलं म्हणून, का सांगितलं नाही म्हणून, का आता रक्त पाहिजे तेव्हाच आठवण झाली म्हणून? वय झाल्यावर माणूस म्हणतं की सगळ्याचाच. पण तेव्हाचा माझा राग लहान होता, एकाच जागी ठणकणारा: दोघींतून एक ठेवायची होती आणि त्यांनी मला ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ खालच्या रिक्षा बघत होती. ‘तिसरं लेकरू गेलं तवा मी अन्न सोडलं हुतं,’ ती म्हणाली. ‘माझी भैन मला बगाया आली. तिला सातवा लागला हुता. तिनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठिवला आन म्हनली, अक्का, हे तुझं. तू फकस्त जेव. मी आदी न्हाई म्हनले. मग मीच मागितलं. तिच्यापाशी जाऊन, पदर पसरून.’ तिचा आवाज कुठंच हलला नाही. ‘तू टाकलेली न्हाईस, शिवू. मी चोरून बी न्हाई आनली. मागून आनली. तुला जायाचं असंल तिच्याकडं तर जा. मी काय म्हननार न्हाई.’ शेवटचं वाक्य बोलून ती उठली आणि आत जाऊन उगाच पिशवीतले कपडे काढून पुन्हा घड्या घालायला लागली. रात्रीचा भात मी खाल्ला.

डॉक्टर मॅडमनी मला एकटीला बोलावलं. अव्वाला आणि चिक्कव्वाला बाहेर बसवलं आणि मराठी येणारी एक सिस्टर शेजारी घेतली. कागदावर चित्र काढून समजावलं: पाच दिवस दंडात सुया, त्यानं हाडांतल्या बीजपेशी वाढून रक्तात उतरतात. थोडं अंग दुखेल, ताप आल्यासारखं वाटेल. मग एक दिवस यंत्राला जोडून झोपायचं. रक्त एका नळीनं बाहेर, यंत्र त्यातल्या तेवढ्या पेशी काढून घेणार आणि बाकीचं दुसऱ्या नळीनं परत तुझ्याच अंगात. गेलेल्या पेशी तुझं शरीर पुन्हा करतं. ‘आता हे नीट ऐक,’ त्या म्हणाल्या आणि सिस्टरनं ते हळू मराठीत सांगितलं. ‘तू नको म्हणालीस तर मी बाहेर एवढंच सांगेन की दवाखान्याला जमत नाही. तुझं नाव येणार नाही. पण एकदा रेखाला तयारीचं औषध दिलं की तिच्या अंगात स्वतःचं काही उरणार नाही. मग तू माघार घेतलीस तर ती वाचणार नाही. म्हणून आजच विचारते. तुला द्यायचंय?’

त्या वयापर्यंत मला कुणी कशाबद्दल असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘मला आधी रेखक्काला भेटायचंय.’

रेखक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. चेहरा कणकेसारखा पांढरा झाला होता, नाकात कापसाचा बोळा. तिनं मला बघितलं आणि तिलाही कळलं की मला कळलंय. ‘तुला ठावं हुतं?’ मी विचारलं.

‘पहिल्यापासून. मी तीन वर्साची हुते, मला पाळना आठवतो. दुसऱ्या दिवशी त्यात कुनीच नव्हतं.’

‘मग सांगितलं कामून न्हाईस?’

‘आईनं शपथ घातलती.’ थोडा वेळ ती चादरीचा दोरा ओढत राहिली. मग एकदम रागानं म्हणाली, ‘आन तू कामून रडायलीस? तुला दोन आया. मला एक, ती बी अर्धी. येळवस आली की चार दिस आदीपासून तिचं शिवूला ह्या बांगड्या बसतील का, शिवू उंच झाली असंल का. परतताना बसमदी खिडकीकडं तोंड करून बसायची. मी शेजारी असायची की! माझ्याशी बोलायची न्हाई हुमनाबाद येईस्तोवर.’

मला वाटलं होतं ती मागेल, विनवेल. ती भांडत होती. सख्ख्या बहिणी भांडतात तशी, हिशेब काढून. आणि भांडता भांडता तिच्या बोळ्यातून रक्त उतरलं, तशी मी तिचं डोकं धरलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टर येईपर्यंत ती नाकातून बोलली, ‘दिऊ नको वाटलं तर दिऊ नको. पन मला लई भ्या वाटायलंय, शिवू.’

मी बाहेर येऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं, ‘देते.’ त्यांनी मला सहीच्या जागी माझं नाव लिहायला लावलं. मोठ्यांच्या सह्या वर होत्या, माझी खाली. मी ते शाळेत लिहितात तसं पूर्ण लिहिलं: शिवलीला, पुढं अप्पाचं नाव.

सुयांचं मला काही वाटलं नाही. पण तिसऱ्या दिवसापासून हाडं ठणकायला लागली. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड सुद्धा. आतून कुणीतरी दार ढकलतंय असं वाटायचं. सिस्टर म्हणाली, ‘चांगलं आहे, भराभर तयार होतायत.’ अव्वा तेल कोमट करून माझे पाय चोळायची. चौथ्या दिवशी ती चोळत असताना चिक्कव्वा आली, उभी राहिली, आणि न विचारता दुसरा पाय तिनं मांडीवर घेतला. तिचे हात अव्वाच्या हातांसारखेच होते, फक्त जरा घाबरत चालायचे. मी पाय ओढला नाही. डोळे मिटून घेतले, म्हणजे मला झोप लागलीय असं तिला वाटावं.

पाचव्या दिवशी सकाळी मला थोडी गुंगी देऊन मानेजवळ एक बारीक नळी बसवली आणि मग यंत्राच्या खोलीत नेलं. यंत्र कपाटाएवढं, आत काहीतरी गरगर फिरत होतं; आवाज मात्र आमच्या गिरणीपेक्षा कितीतरी सौम्य. सिस्टर दाराशी जाऊन म्हणाली, ‘आत एकालाच बसता येईल. चार तास लागतील. आई कोण?’

दारात दोघी उभ्या होत्या. दोघींनीही पाऊल उचललं नाही. मला पडल्या पडल्या दिसत होतं. मला भीती वाटली की आता मला विचारतील आणि मी कुणाचंही नाव घेतलं तरी दुसरी मरून जाईल. पण चिक्कव्वानं अव्वाच्या पाठीला हात लावला आणि तिला हलकेच आत ढकललं. ‘जा अक्का,’ ती म्हणाली, ‘तुला बोलवायलेत.’

अव्वा माझ्या उशाशी बसली. लाल नळी माझ्यातून निघून यंत्रात जात होती आणि दुसरी माझ्याकडं परत येत होती. वर टांगलेल्या पिशवीत तळाशी काहीतरी साचायला लागलं. रक्तासारखं गडद नाही, टोमॅटोच्या सारासारखं फिकट. ‘एवढंच?’ अव्वानं विचारलं. ‘एवढंच,’ सिस्टर म्हणाली, ‘ह्यातच सगळं आहे.’ तासाभरानं माझ्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली आणि थंडी वाजायला लागली. मी घाबरले. सिस्टरनं यंत्राचा वेग कमी केला, सलाइनमधून कॅल्शियम सोडलं आणि सांगितलं की रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधानं असं होतं, आत्ता जाईल. अव्वानं माझे दोन्ही हात आपल्या काखेत धरले आणि मला ऊब यावी म्हणून पुटपुटत राहिली. काय, तर शेतातली कामं. तुरीला दुसरं पाणी, उडीद उपणायचे, म्हशीला पेंड. एकामागून एक, देवाचं नाव घ्यावं तसं.

दाराला काचेची एक उभी चीर होती. त्या चिरीतून चिक्कव्वाच्या हिरव्या लुगड्याची कड दिसत होती. अर्ध्या तासानं पाहिलं, होती. पुन्हा पाहिलं, होतीच. एक लेक वरच्या मजल्यावर, जंतू लागू नयेत म्हणून बंद ठेवलेल्या खोलीत, जिथं तिला जाऊ देत नव्हते. एक ह्या दाराच्या आत. ती मधेच उभी होती. शेवटी मी अव्वाला म्हणाले, ‘तिला बसाया सांग की. पाय दुखतील.’ अव्वानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग उठून दार किलकिलं केलं आणि कानडीत म्हणाली, ‘बस म्हनायली तुझी लेक.’ मला कानडी कळते, हे तिला आधीपासूनच ठाऊक असावं.

पिशवी त्याच दुपारी वर गेली. काचेपलीकडं रेखक्काच्या छातीतल्या नळीतून ते थेंब थेंब उतरलं. मी पुढं वाचत गेले, शिकत गेले, आता बिदरच्या मैलूर भागात राहते आणि मुलांना शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्या पेशी रक्तातून वाट काढत आपणहून हाडांच्या गाभ्यापर्यंत जातात आणि तिथं घर करतात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. कुणी दाखवायला नसतं, पण त्यांना जागा ओळखता येते. हे शिकवताना माझा आवाज जरा बदलतो असं मुलं म्हणतात. रेखक्काच्या अंगात त्या रुजायला अडीच आठवडे लागले. मधे ताप, तोंडभर फोड, एकदा तर आशा सोडावी असे दोन दिवस. पुढचं वर्षभर औषधं. पण ती उठली. तिचा रक्तगट बदलून माझा झाला. आज ती दोन लेकरांची आई आहे, अजून भांडते, आणि भांडण हरायला आलं की म्हणते, ‘तुझंच रगत हाय, उलटं कसं चालंल?’ मी कोहिनूरलाच वाढले. ते कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. चिक्कव्वाला मी शेवटपर्यंत चिक्कव्वाच म्हणत राहिले. फक्त त्या शब्दाचा अर्थ आता मला ऐकू यायचा, आणि तिलाही.

पण मला सांगायचं ते आम्ही हैदराबादहून निघालो त्या सकाळचं. माझं काम झालं होतं. रेखक्का अजून बंद खोलीत होती आणि चिक्कव्वाला तिथंच राहायचं होतं. अव्वानं पिशव्या बांधल्या. चिक्कव्वा आम्हाला पोचवायला दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली. तिथं एका कडुनिंबाला पार होता. बसला वेळ होता. ती उभी राहून माझ्याकडं बघत होती, येळवसला बघायची तसंच, आणि मग एकदम म्हणाली, ‘शिवू, केस इंचरून दिऊ का?’

माझे केस अव्वानं सकाळीच विंचरून दिले होते. नीट तेल लावून, दोन वेण्या, वर फिती. चिक्कव्वाला ते दिसत होतं. रेखक्काच्या डोक्यावर औषधानं एक केस उरला नव्हता, हेही मला माहीत होतं. मी अव्वाकडं बघितलं. अव्वानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि ‘मी जरा बस कुठं लागते बगून येते’ म्हणून रस्त्याकडं चालायला लागली. बस समोरच दिसत होती.

मी पारावर बसले, चिक्कव्वाकडं पाठ करून. तिनं फिती सोडल्या, वेण्या उलगडल्या. कंगवा तिच्यापाशी नव्हता, बोटांनीच विंचरलं. घाई केली नाही. एकदा तिचा हात मानेवरच्या पट्टीशी आला, जिथून नळी काढली होती, आणि तिथं थांबला. दोनाऐवजी तिनं एकच वेणी घातली, लांब आणि घट्ट, इतकी घट्ट की कपाळ ताणलं. टोकाला फीत बांधली. मग हात काढून घेतले.

बसमध्ये अव्वानं मला खिडकीशी बसवलं. जहिराबाद गेलं, हुमनाबाद गेलं. घरी अप्पानं चूल पेटवून ठेवली होती, मला जवळ घेऊन त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वेणी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा कंगवा आणि तेलाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसली. मी तिच्यापुढं जाऊन बसले. केस विस्कटले होते, निम्मी वेणी सुटली होती. तिनं ती हातात घेतली, क्षणभर तशीच धरून ठेवली. मग न सोडता, वरूनच तेलाचा हात फिरवला, सुटलेल्या बटा पुन्हा त्याच वेणीत गुंफल्या आणि म्हणाली, ‘जा शाळंला. ऱ्हाऊ दे आज अशीच.’